शब्दांविना गाणारी गिटार



जुनी हिंदी गाणी आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. पण त्याच गाण्यांच्या अशाही रेकॉर्ड निघाल्या, ज्यांत गाणारं कुणी नाही, शब्दही नाहीत. चाल मात्र पूर्ण ऐकू येते, तीही इलेक्ट्रिक गिटारवर. या प्रकारातलं मुंबईचं मोठं नाव म्हणजे व्हॅन शिप्ली. आज त्यांच्याविषयी बोलू या.

शिप्ली मूळचे लखनौचे. जन्म १९२७ सालचा, घर मेथॉडिस्ट ख्रिस्ती. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत ते शिकले. पुढे मुंबईत येऊन चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन आणि गिटार वाजवू लागले. मग त्यांच्या स्वतःच्या गिटारवादनाच्या रेकॉर्ड निघाल्या. त्यांतल्या काहींवर अकॉर्डियनची साथ आहे पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांची.

ही गिटार गाते कशी? आपण पाहतो ती गिटार छातीशी धरतात आणि तारा बोटांनी दाबतात. शिप्लींची पद्धत हवाईयन. यात गिटार आडवी ठेवतात आणि तारांवरून पोलादाचा एक गुळगुळीत तुकडा सरकवतात. पेटीवर एक पट्टी सोडून दुसरी दाबावी लागते, मधला सूर सापडत नाही. इथे हात न उचलता एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. आपल्या संगीतात याला मींड म्हणतात. लतादीदींचा आवाज सुरावरून सुरावर अलगद जातो ना, तसंच.

आता विजेचं काम काय? तारा पोलादाच्या असतात. त्यांच्याखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचं वेटोळं असतं. तार थरथरली की वेटोळ्यात अगदी थोडी वीज तयार होते. अॅम्प्लिफायर ती वाढवतो आणि स्पीकरमधून आवाज निघतो. सूर लवकर विरत नाही, म्हणून लांब मींड शेवटपर्यंत ऐकू येते. शिप्लींनी तर स्वतःसाठी आठ तारांची गिटार बनवून घेतली होती.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती रेकॉर्डच्या कव्हरावरची गोष्ट. त्या काळी पडद्यावर संगीतकाराचं आणि गायकांचं नाव यायचं. वाद्यवृंदात दिवसभर घाम गाळणाऱ्यांची नावं क्वचितच दिसायची. त्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक पुष्कळ होते. चर्चच्या शाळांतून ते व्हायोलिन आणि नोटेशन वाचायला शिकून आलेले. त्यांच्यातल्या अँथनी गोन्साल्विस यांचं नाव घरोघरी पोचलं ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे, कारण संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. बाकीचे कितीतरी निनावीच राहिले. शिप्लींच्या रेकॉर्डवर मात्र वाजवणाऱ्याचं नाव ठळक छापलेलं होतं. सूर तेच, हात तेच, पण आता ऐकणाऱ्याला कळत होतं की हे कुणाचं काम आहे.

हे मी आपल्या नया नगरात का सांगतेय? आपल्यातल्या कितीजणी घरी बसून डझनाच्या भावाने दागिन्यांना खडे चिकटवतात. ते दागिने दुकानात दुसऱ्याच्याच नावाने विकले जातात. कामाचे पैसे मिळतात, ओळख मिळत नाही. आणि ओळख नसली की भाव वाढवून मागायला तोंड उघडत नाही.

आपल्या गटाच्या मसाल्याच्या पाकिटांचं लेबल अजून छापायचं आहे. गटाचं नाव तर येईलच. त्याखाली ‘बनवणारी’ अशी एक ओळ ठेवून बाईचं नाव लिहावं, असं मला वाटतं. पुढच्या बैठकीत हा विषय घेऊ. आणि त्या दिवशी मोबाईलवर शिप्लींची एक रेकॉर्ड लावू. शब्द नसल्याने उर्दूवाली, गुजरातीवाली, मराठीवाली, कुणालाच अडचण नाही. गाणं कोणतं ते ओळखा, आणि वाजवणाऱ्याचं नावही लक्षात ठेवा.