डॉक्टरांच्या पाठीमागे कोण उभं आहे?



‘लीडरशिप’ आणि ‘कोचिंग’ हे शब्द हल्ली आपल्या संस्थांच्या बैठकांतही ऐकू येतात. दवाखान्याच्या कमिटीवरचं कुणीतरी एखादं शिबिर करून येतं, फाईल मिळते, फोटो निघतो आणि सोमवारपासून सगळं पूर्ववत चालू होतं. मी ३४ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली. त्यामुळे माझा भरवसा भाषणांपेक्षा हातांवर जास्त. तरीही या दोन शब्दांना ज्यांच्यामुळे मला खरा अर्थ कळला, ते स्वतः सर्जनच आहेत: डॉ. अतुल गावंडे.

त्यांचा जन्म १९६५ सालचा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. वडील डॉ. आत्माराम गावंडे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, आई गुजरातची. दोघंही डॉक्टर. मुलगा बोस्टनमध्ये सर्जन झाला, लिहू लागला आणि संस्थाही चालवू लागला. २०१२ मध्ये त्यांनी ‘एरिअॅडनी लॅब्ज’ ही संशोधन संस्था उभी केली. पुढे अमेरिकेच्या परदेशी मदत खात्यात जागतिक आरोग्याचं काम त्यांच्याकडे आलं. पण मला महत्त्वाची वाटते ती त्यांची एक साधी गोष्ट.

आठेक वर्षं सर्जरी केल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपली प्रगती थांबली आहे. खेळाडूंना कोच असतो, मोठमोठ्या गायकांनाही असतो, मग सर्जनला का नको? त्यांनी आपल्या जुन्या शिक्षकांना, निवृत्त सर्जन डॉ. रॉबर्ट ऑस्टीन यांना, थिएटरमध्ये बोलावलं. ऑस्टीन काहीच न बोलता उभे राहिले, पाहत राहिले आणि टिपत राहिले. ऑपरेशन छान झालं होतं. नंतर त्यांनी सांगितलं, की दिवा जखमेवरून सरकला होता आणि जवळपास अर्धा तास तुम्ही परावर्तित उजेडावर काम करत होतात. कोपरही मधूनमधून वर जात होतं. २०११ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात गावंडे यांनी हे सगळं मोकळेपणाने लिहिलं. कोच आल्यापासून आपल्या पेशंटांमधली गुंतागुंत कमी झाली, हेही लिहिलं.

थिएटरमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, दिवा सरकलेला सिस्टरला आधी दिसतो. प्रश्न असतो तो सांगायचं कुणी याचा.

एका हॉस्पिटलमधला प्रसंग सांगते. पोट शिवायची वेळ आली आणि मॉपची मोजणी एकाने कमी भरत होती. मी सांगितलं. सर्जन म्हणाले, “सिस्टर, पुन्हा मोजा, तुमचंच चुकलं असेल.” पुन्हा मोजलं, तरी एक कमीच. मी हातात सुई द्यायला नकार दिला. शेवटी त्यांनी शोधलं आणि मॉप आतच सापडला. पेशंट चालत घरी गेली. दुसऱ्या दिवशी मेट्रननी मला बोलावून घेतलं, ते मात्र डॉक्टरांशी उद्धटपणे बोलल्याबद्दल समज द्यायला.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेची सर्जरीची चेकलिस्ट मला मोलाची वाटते. गावंडे यांच्या नेतृत्वाखाली ती २००८ मध्ये तयार झाली. एकूण १९ मुद्दे, तीन टप्पे: भूल देण्यापूर्वी, चीर देण्यापूर्वी आणि पेशंट थिएटरबाहेर जाण्यापूर्वी. त्यात मॉप आणि हत्यारांची मोजणी मोठ्याने सांगायची असते. चीर देण्यापूर्वी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. ज्याने एकदा नाव सांगितलं, त्याचं तोंड पुढे उघडायला सोपं जातं. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली. त्यांत दिल्लीचं सेंट स्टीफन्स हॉस्पिटल होतं, १८८५ साली मिशनने सुरू केलेलं. ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर.

मग हाच विचार बाळंतपणाकडे वळला आणि तो आपल्या भागातही आला. २०१० मध्ये कर्नाटकातल्या एका लहान प्रसूतिकेंद्रात सुरक्षित बाळंतपणाच्या चेकलिस्टची पहिली चाचणी झाली, त्यात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉक्टर होते. आवश्यक अशा २९ कामांपैकी आधी सरासरी १० होत असत, नंतर २५ होऊ लागली.

त्यानंतर उत्तर प्रदेशात १२० सरकारी केंद्रांवर मोठा प्रयोग झाला. सुमारे १ लाख ५७ हजार बाळंतपणं त्यात धरली होती. निम्म्या केंद्रांत कोच आठ महिने जात राहिले. ते नर्सच्या शेजारी उभे राहत, पाहत आणि नंतर बाजूला घेऊन बोलत. दोन महिन्यांनी कोच असलेल्या केंद्रांत ७३ टक्के कामं नीट होत होती, इतरांत ४२ टक्के. पण २०१७ मध्ये निकाल आला, तेव्हा माता-बाळांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. कोचच्या भेटी संपल्यावर नीट होणाऱ्या कामांचं प्रमाणही ६२ टक्क्यांपर्यंत उतरलं.

गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निकाल झाकून ठेवला नाही, जसा होता तसा छापला. मला यातून दोन गोष्टी दिसतात. एक, हात धुण्याची आठवण कोच करून देईल, पण रक्ताची बाटली, सिझेरियन करणारे डॉक्टर आणि वेळेवर निघणारी गाडी कोच आणू शकत नाही. ते काम कमिटीचं आणि सरकारचं. दुसरी, कोचिंग हे एका शिबिराने भागणारं काम नव्हे. ते चालूच ठेवावं लागतं.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या समाजात निवृत्त सिस्टर, मेट्रन आणि डॉक्टर घरोघरी आहेत. बेळगाव-खानापूरपासून इंदूर-हैदराबादपर्यंत लहान दवाखान्यांत नवख्या मुली रात्रपाळीला एकट्या उभ्या असतात. आपल्यापैकी प्रत्येकाने आठवड्यातला एक दिवस अशा एका दवाखान्याला दिला तर? अट एकच: शेजारी उभं राहायचं, पाहायचं, चारचौघांत बोल लावायचा नाही आणि नंतर चहा पिताना दोनच गोष्टी सांगायच्या.

आणि कमिटीवरच्या वडीलधाऱ्यांना विनंती, की पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एक प्रश्न ठेवा: आपल्या दवाखान्यात सगळ्यांत धाकट्या सिस्टरने “थांबा, मोजणी जुळत नाही” असं म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी तिला शाबासकी मिळते की समज? उत्तर तिलाच विचारा, आणि विचारताना मेट्रनना बाहेर बसवा.