शेवट वाचा, मग बोट लावा



२०२५चा दिवाळीच्या आसपासचा काळ आठवतोय ना? शासनाने १८ सप्टेंबरला लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सक्तीची केली. आधी दोन महिन्यांची मुदत दिली, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ज्या घरात महिन्याचे दीड हजार किराणा, औषध किंवा गटाच्या हप्त्याला लागतात, त्या घरात "केवायसी राहिली तर पैसे बंद" एवढं ऐकलं तरी पोटात गोळा येतो. त्यात ओटीपी येईना, पान उघडेना. मग कुणी गुगलवर शोधलं, कुणी व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबली.

नेमक्या याच घाईत खोटी संकेतस्थळं उभी राहिली. नाव योजनेचंच, रंगही तसेच आणि वर सरकारी चिन्ह. शोधणाऱ्या बाईला ती खऱ्याच्या शेजारीच दिसायची. याच्या बातम्या वर्तमानपत्रात आल्या आणि शासनालाही अधिकृत संकेतस्थळच वापरा असं सांगावं लागलं.

तेव्हा सगळीकडून एकच सल्ला मिळत होता, "सावध राहा." पण सावध राहायचं म्हणजे नक्की काय बघायचं? ते कुणी फारसं सांगत नाही. म्हणून या अंकात एकच गोष्ट शिकू. ती शिकायला इंग्रजी वाचता यायलाच पाहिजे असं नाही, मोजकी अक्षरं ओळखता आली की भागतं.

पत्त्याचा शेवट महत्त्वाचा

आपण पत्रावर पत्ता कसा लिहितो? मु. पो. लासुर्णे, ता. इंदापूर, जि. पुणे. सुरुवातीला लहान गोष्ट आणि शेवटी मोठी. आता नुसतं "वडगाव" म्हटलं तर पत्र कुठं जाईल? वडगाव निंबाळकर आपल्या बारामती तालुक्यात आहे, वडगाव मावळ तिकडे लोणावळ्याच्या वाटेवर. नुसत्या गावाच्या नावावरून काही ठरत नाही, पुढचा तालुका-जिल्हा वाचल्यावरच ठरतं.

संकेतस्थळाच्या पत्त्याचंही असंच आहे. सुरुवातीला कुणीही काहीही नाव घालू शकतो. "लाडकी बहीण" घालता येतं, "महाराष्ट्र" घालता येतं, "पीएम किसान" घालता येतं. पत्ता कुणाच्या मालकीचा आहे ते शेवटाला कळतं.

लाडकी बहीणचा खरा पत्ता असा आहे: लाडकीबहीण टिंब महाराष्ट्र टिंब जीओव्ही टिंब इन. त्यातले शेवटचे दोन शब्द बघा. जी-ओ-व्ही, टिंब, आय-एन. हा शेवट सरकारी कार्यालयांनाच मिळतो, बाजारात विकत मिळत नाही. याउलट "कॉम", "ऑनलाइन" किंवा नुसता "इन" असा शेवट असलेला पत्ता थोड्या पैशांत कुणालाही घेता येतो. त्याचा अर्थ असे सगळे पत्ते खोटे असतात असा नाही. पण सरकारी काम म्हणून आधार क्रमांक मागणारं पान अशा पत्त्यावर असेल, तर तिथं काही भरू नका.

बँकांचंही आता असंच झालंय. रिझर्व्ह बँकेने बँकांना त्यांची संकेतस्थळं "बँक टिंब इन" या शेवटावर न्यायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली. हा शेवटही फक्त बँकांसाठी राखलेला आहे. तेव्हा बँकेचं पान उघडलं की शेवटी बी-ए-एन-के टिंब आय-एन आहे का ते बघायचं.

शेवट नेमका कुठं असतो?

फोनमध्ये पान उघडलं की सगळ्यात वर एक पट्टी दिसते, पत्ता त्या पट्टीत असतो. लांब असला तर पूर्ण दिसत नाही. पट्टीवर एकदा बोट लावा म्हणजे तो उघडेल, मग बोटाने सरकवून वाचा.

अगदी सुरुवातीला "एचटीटीपीएस" आणि दोन तिरक्या रेघा असतील तर त्या सोडून द्या. त्यानंतर जिथं पहिली तिरकी रेघ येईल तिथं थांबा. त्या रेघेच्या लगेच डावीकडं जे आहे तो पत्त्याचा शेवट. रेघेच्या पुढं जे असतं ते त्या घरातल्या खोल्यांसारखं. तिथं "गव्हर्नमेंट" लिहिलेलं असलं तरी त्याला काही किंमत नाही. तिरकी रेघ नसेलच, तर पट्टीत जिथं पत्ता संपतो तोच शेवट.

ठग इथं तीन चलाख्या करतात.

एक, टिंबाच्या जागी आडवी रेघ टाकतात. "महाराष्ट्र-जीओव्ही-इन टिंब कॉम" हा पत्ता सरकारी नाही, कारण शेवट "कॉम" आहे.

दोन, खरा पत्ता सुरुवातीलाच ठेवून पुढं शेपूट जोडतात. "महाराष्ट्र टिंब जीओव्ही टिंब इन टिंब अमुकतमुक टिंब कॉम". पहिले शब्द वाचून आपला विश्वास बसतो, पण मालक मात्र अमुकतमुक.

तीन, मधलं टिंबच खातात. "लाडकीबहीणजीओव्ही टिंब इन" यात "जीओव्ही"च्या आधी टिंब नाही. असा पत्ता कुणीही विकत घेऊ शकतो. "जीओव्ही"च्या आधी टिंब पाहिजे आणि नंतरही टिंब पाहिजे.

कुणी म्हणेल, पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र आहे, म्हणजे पान सुरक्षित आहे. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्यात आणि त्या पानात जे बोलणं चाललंय ते मधला कुणी वाचू शकत नाही. समोर बसलेला माणूस खरा आहे की ठग, हे कुलूप सांगत नाही. ठगाच्या घरालाही कुलूप असतंच की.

मेसेज आणि फाईल, तिथंही शेवटच

बँकेचा, योजनेचा मेसेज येतो तेव्हा वर पाठवणाऱ्याचं नाव इंग्रजी अक्षरांत असतं. मे २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि एक अक्षर येतं. "जी" म्हणजे सरकारी, "टी" म्हणजे व्यवहाराचा, "एस" म्हणजे सेवेचा, "पी" म्हणजे जाहिरातीचा. "तुमचं खातं बंद होणार" असा मेसेज साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला असेल, तर तो बँकेचा समजू नका. आणि शेवटी "पी" असेल तर ती जाहिरात आहे, घाबरायचं कारण नाही.

व्हॉट्सॲपवर फाईल येते. कधी लग्नपत्रिका म्हणून, कधी पीएम किसानची यादी म्हणून, कधी गाडीचा दंड म्हणून. नाव काहीही असो, फाईलच्या नावाचा शेवट वाचा. शेवटी टिंब आणि ए-पी-के असेल तर ती पत्रिकाही नाही आणि यादीही नाही. ते ॲप आहे. ते बसवलं की मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि परवानगी दिली की तुमचे ओटीपी परस्पर ठगाकडे जातात. मग तुम्ही कुणाला ओटीपी सांगितला नाही तरी पैसे जाऊ शकतात. पाठवणारी आपली नणंद असो की भाऊ, उघडू नका. बऱ्याचदा त्यांचाच फोन आधी ठगाच्या ताब्यात गेलेला असतो आणि त्यांना पत्ताही नसतो.

ई-केवायसीला काय लागतं, काय लागत नाही

लाडकी बहीणच्या ई-केवायसीत आपला आधार क्रमांक आणि त्यावर आलेला ओटीपी लागतो, नंतर पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांचा ओटीपी. म्हणजे चुकीच्या पानावर गेलात तर घरातल्या दोघांची माहिती जाते. एटीएम कार्डावरचा नंबर, पिन, यूपीआय पिन यांचा या कामाशी काहीही संबंध नाही. कुठल्याही पानाने किंवा फोनवरच्या माणसाने ते मागितलं की तिथंच थांबा. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी टाकायचा असतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

ओटीपीचा मेसेज आला की नुसते आकडे उचलू नका. तो कशासाठी आलाय हे त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. इंग्रजीत असेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. दोन मिनिटं गेली तर जाऊ द्या. ओटीपीची मुदत संपली तर दुसरा मागवता येतो.

आणि तरीही चूक झालीच तर

फसलेली बाई आधी गप्प बसते. नवरा काय म्हणेल, सासू काय म्हणेल, गटात हसतील, असं तिला वाटत राहतं. पण तिच्या या गप्प बसण्यावरच ठगाचं फावतं.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या यंत्रणेत घुसून ठगांनी दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये नेले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले, काही रक्कम हाँगकाँगला वळवली. एवढी मोठी बँक, पगारी इंजिनिअर, तरी हे झालं. बँकेने ते झाकून ठेवलं नाही, लगेच पोलिसांत तक्रार दिली. हाँगकाँगला गेलेल्यातली काही रक्कम नंतर परतही मिळाली. मग आपण लाज का धरायची?

पैसे गेल्याचं कळताच १९३० हा नंबर लावा. एक-नऊ-तीन-शून्य. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे. घाई का, तर चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवतात आणि शेवटी एटीएममधून काढतात. ते अजून कुठल्या तरी खात्यात असतील तोवर अडवता येतात. फोन लावताना खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक जवळ ठेवा.

लगेच बँकेलाही कळवा आणि तक्रारीचा नंबर मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याची कारणं दिसतात. तुमची चूक नाही, बँकेचीही नाही, तरी पैसे गेले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक आपली असली तरी कळवण्यात फायदाच आहे.

संशयित ॲप बसवलं गेलं असेल तर त्या फोनचं नेट लगेच बंद करा आणि १९३० ला दुसऱ्या फोनवरून बोला. लेखी तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात द्या, मग ते बारामती असो, वडगाव निंबाळकर, भिगवण, वालचंदनगर की इंदापूर.

पुढच्या बैठकीत एवढं करू

आपल्या गटाच्या खात्यातले पैसे एकीच्या सहीवर निघत नाहीत. दुसरीची सही लागते. ती पहिलीवर अविश्वास आहे म्हणून नाही. दोघींच्या नजरेखालून गेलं की चूक सापडते म्हणून. तीच सवय फोनला लावू. आधार, ओटीपी किंवा पैसे मागणारं कुठलंही पान असो, दुसऱ्या मैत्रिणीने पत्त्याचा शेवट वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही.

गटाच्या व्हॉट्सॲपवर योजनेची लिंक पुढं ढकलायची नाही. माहिती सांगायची असेल तर तोंडी सांगा किंवा लिहून सांगा.

इतिवृत्ताच्या वहीच्या शेवटच्या पानावर सचिव ताईंनी मोठ्या इंग्रजी अक्षरांत तीन ओळी लिहाव्यात. जीओव्ही टिंब इन, बँक टिंब इन आणि टिंब एपीके. पहिल्या दोघींपुढं बरोबरची खूण, तिसरीपुढं फुली. खाली १९३०. प्रत्येकीने ती अक्षरं एकदा हाताने गिरवावीत. सही शिकताना गिरवली होती तशीच.

आणि एक मागणी ग्रामसंघातून ग्रामपंचायतीकडं करू. पुढच्या वेळी कुठल्याही योजनेची ऑनलाइन मुदत जाहीर झाली की त्या संकेतस्थळाचा खरा पत्ता पंचायतीच्या फळ्यावर आणि अंगणवाडीच्या दारावर पहिल्याच दिवशी मोठ्या अक्षरांत लागला पाहिजे. मुदत गावभर पोहोचते, मग पत्ताही पोहोचायला हवा. शोधत फिरायची वेळ आली नाही, तर खोट्या दारात पाऊल पडायची वेळही कमी येईल.