एकोणचाळीसचा रुपया

सहाव्या जॉर्जच्या छापाचा १९३९ सालचा रुपया मुंबईच्या टांकसाळीत पडला तेव्हा त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नसेल. तो एक रुपया होता आणि एका रुपयालाच चालत होता. आज नाण्यांच्या कुठल्याही प्रदर्शनात जा, कुणीतरी प्लास्टिकच्या पाकिटातून ‘एकोणचाळीसचा’ अलगद बाहेर काढतो आणि आजूबाजूची चार डोकी लगेच वाकतात. त्यातले बहुतेक नग खोटे असतात. पण गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत या रुपयाचा खोटेपणा स्वतःच बदलत गेला आहे, आणि मला त्याच्या भावापेक्षा तीच गोष्ट जास्त गमतीची वाटते.

मुळात हा रुपया शंभर वर्षांच्या परंपरेतला शेवटचा. कंपनी सरकारने १८३५ साली सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या हिशोबात ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. विल्यम, व्हिक्टोरिया, एडवर्ड, दोन जॉर्ज असे चेहरे पालटत गेले, वजन आणि कस मात्र तेच राहिले. रुपया हाच तोळा असल्याने सोनाराच्या तागडीत तो वजन म्हणूनही बसायचा. खोटा ओळखायची रीत साधी होती. दगडावर आपटून नाद ऐकायचा, शंका आली तर कसोटीवर घासायचा, फारच संशय आला तर सरळ छेद द्यायचा. सराफाला फक्त एवढंच हवं असे, की चांदी आहे की नाही.

तिसाच्या दशकात या पारखीची गोची झाली. जगभर चांदीचा भाव कोसळला होता आणि रुपयातल्या चांदीची किंमत आठ आण्यांच्या आसपास आली होती. म्हणजे एखाद्याने पुऱ्या कसाची चांदी घालून रुपया पाडला तरी त्याला दामदुप्पट सुटत होती. असा रुपया खणखणीत वाजणार, वजनाला पुरा भरणार, कसोटीवरही उतरणार.

मग युद्ध आलं. जून १९४०मध्ये फ्रान्स पडला आणि इथे लोक नोटा देऊन रुपये घरी नेऊ लागले. सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा ठरवलं, जुलैत एक रुपयाची नोट काढली आणि वर्ष सरायच्या आत रुपयाचा कस अर्ध्यावर आणला: निम्मी चांदी, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. या नव्या रुपयाच्या काठाला नुसते कंगोरे न ठेवता मधून नक्षीची खाच फिरवली, म्हणजे चोरट्या टांकसाळवाल्याला ती साधू नये. जुने चांगल्या चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने परत मागवले गेले. राणी छाप १९४१च्या मार्चअखेर, एडवर्डचे मे १९४२अखेर, आणि दोन्ही जॉर्जचे मे १९४३च्या सुरुवातीला चलनातून गेले. आलेले रुपये वितळवायला गेले, आणि तिथे कोण साल बघत बसणार? एवढं करूनही चांदी पुरेना, तेव्हा अमेरिकेकडून बावीस कोटी औंसांहून अधिक उसनी आणावी लागली.

वाचले ते हंड्यातले, लक्ष्मीपूजनाच्या डबीतले आणि गळ्यातल्या माळांना नाकं झाळून ओवलेले. १९३८चे त्यात पुष्कळ निघतात. १९३९चे जवळजवळ नाहीतच.

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५७ला दशमान नाणी आल्यावर, जुनी नाणी सालवार जमवण्याची हौस वाढली. अल्बममध्ये १९३८चा खण भरायचा, १९४०चाही भरायचा, मधला रिकामाच राहायचा. त्या रिकाम्या खणाने भाव चढवला. त्यात एक गुंता सरकारी टांकसाळींनीच वाढवून ठेवला. संग्राहकांनी मागणी केली की जुन्या ठशांवरून ब्रिटिश काळातली नाणी पुन्हा पाडून देण्याचा रिवाज मुंबई आणि कलकत्त्याला साधारण १९७०पर्यंत चालू होता. टांकसाळ खरी, ठसा खरा, पाडण्याचं साल तेवढं वेगळं. याला खोटं म्हणवत नाही आणि अस्सलही म्हणवत नाही. किंमत ठरवताना मात्र हा फरक आवर्जून विचारावा लागतो.

नकली करणाऱ्यांना वाट सापडली ती १९३८च्या रुपयात. दोन्ही वर्षांच्या रुपयाचं वजन तेच, चांदी तीच, काठाचे कंगोरे तेच. फरक शेवटच्या आकड्याचा. आठाचा नऊ करायला नवं काही जोडावंही लागत नाही; खालच्या पोटाची डावी बाजू खरवडून काढली की झालं. नाद, वजन, कसोटी, हल्ली पेढीवर असतं ते क्ष-किरणांचं टंच यंत्र, या सगळ्यांतून हे नाणं छाती काढून पार होतं. कारण धातू खराच आहे, टांकसाळही खरी आहे, आणि खोटं आहे ते मोहरीएवढ्या जागेत.

त्या जागेवर दहापट मोठं दाखवणारं भिंग धरायचं. सुदैवाने या सालात दोन नऊ आहेत. दुसरा आकडा टांकसाळीतला, त्याला कुणी हात लावलेला नसतो, म्हणून चौथा त्याच्याशी ताडून बघायचा. आठाचं वरचं पोट लहान असतं, नऊचं मोठं आणि खाली उतरलेलं. खरवडून केलेल्या नऊला डोकं आठाचंच राहतं, त्यामुळे शेजारच्या नऊपुढे तो खुरटलेला दिसतो. मग आकड्याभोवतीची सपाट जमीन बघायची. ठसा जोराने बसतो तेव्हा धातू मधून काठाकडे सरकतो आणि पृष्ठभागावर बारीक रेषांची झळाळी राहते. नाणं तिरपं धरून दिव्याखाली हळूहळू फिरवलं की ती झळाळी चक्रासारखी फिरते, आणि टाकी लागलेल्या जागी अडते. तिथे किंचित खळगा असतो, किंवा तो लपवायला घासून आणलेली गुळगुळीत चमक. काही कारागीर ते झाकायला सगळं नाणंच गंधकाने काळं करतात. काळपटपणा खाचांत आणि उंचवट्यांवर सारखाच बसलेला दिसला, तर मी तरी नाणं परत ठेवतो.

बाकीच्या नकला त्या मानाने भोळ्या. ओतीव नाण्यावर बारीक छिद्रं दिसतात, फुलांच्या वेलीच्या कडा विरघळल्यासारख्या असतात आणि काठावर साच्याची शिवण सापडते. चाळीसच्या दशकातल्या एखाद्या रुपयाचं साल बदललेलं असेल तर काठावरची नक्षीची खाचच चुगली करते. जर्मन सिल्व्हरच्या नकलेला पाण्यात तोलावं. अस्सल रुपया दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवला की १.१३ ग्रॅमच्या आसपास वजन घटतं. निम्म्या चांदीचा, तितक्याच वजनाचा रुपया १.२२च्या पुढे घटतो आणि जर्मन सिल्व्हरचा १.३च्या वर. घरच्या डिजिटल काट्यावर हे जमतं, नाण्याला ओरखडाही जात नाही. नव्याने कोरलेल्या ठशांवर यंत्राने पाडलेल्या नकला मात्र अवघड असतात. पण एका ठशातून पुष्कळ नग निघतात, त्यामुळे एकच बारीक टोचा दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या नाण्यांवर नेमक्या त्याच जागी दिसतो.

कायदा या नाण्याला विसरला नव्हता. १८६०च्या दंडसंहितेत सरकारने पाडलेलं नाणं व्यवहारातून गेलं तरी नाण्यांच्या गुन्ह्यांवरच्या प्रकरणापुरतं ‘भारतीय नाणं’च राहील, असं म्हटलं होतं आणि उदाहरण दिलं होतं फारुखाबादी रुपयाचं. प्रत्यक्षात खोट्या एकोणचाळीससाठी पोलीस चौकी गाठणारे कमीच. फसलेला संग्राहक गप्प बसतो किंवा नाणं पुढे सरकवतो.

मोबाइल आल्यावर गोष्ट वेगळ्याच लोकांपर्यंत गेली. आजीच्या डबीतल्या रुपयाचे लाखो मिळतील असं सांगणारे व्हिडिओ फिरू लागले, आणि ‘आधी नोंदणीचे पैसे भरा’ म्हणणारे त्यांच्या मागोमाग. रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर करावं लागलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि आपण कुणाला कमिशन मागायला सांगितलेलं नाही. याच बाजारात एका बाजूला कंपनीचं नाव आणि दुसऱ्या बाजूला मारुती किंवा रामपंचायतन असलेली, १८१८ साल घातलेली तांब्याची नाणीही विकली जातात. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. अस्सलच नसलेल्या वस्तूची ही नक्कल, तिला भिंग काय लावणार!

जाणकार आता परदेशी संस्थेने तपासून सीलबंद केलेल्या डबीतलंच एकोणचाळीस मागतात. डब्यांच्याही नकला निघाल्याने तिच्यावरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीतल्या छायाचित्राशी जुळवावा लागतो, आणि छायाचित्रातला ओरखडा हातातल्या नाण्यावर आहे का तेही. एवढा खर्च परवडत नसेल तर १९३८चा एक चांगला रुपया घ्यावा. त्याला काही हजार रुपये लागतात, कमळ-गुलाबाची वेल तीच असते, आणि उद्या कुणी पाकिटातून एकोणचाळीसचा काढलाच तर शेजारी ठेवून ताडायला तोच कामी येतो.