फ्रीजच्या आलेखात सापडलेलं वीजकेंद्र

बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचे संचालक अँड्र्यू सेस्लर यांना सत्तरच्या दशकाच्या मध्याला एका बड्या वीज कंपनीतून फोन आला. तक्रार अशी, की तुमच्याकडचे दोन पदार्थवैज्ञानिक कॅलिफोर्नियाला पुढे किती वीज लागेल याचे अंदाज बांधत सुटलेत आणि सरकारपुढे ते मांडतायत. विजेच्या मागणीचा अंदाज करायची त्यांची पात्रताच नाही. दोघांतल्या ज्येष्ठाला नोकरीवरून काढावं, असंही सुचवून झालं.

ज्येष्ठ म्हणजे आर्थर रोझेनफेल्ड. धाकटा डेव्हिड गोल्डस्टीन, त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारा विद्यार्थी. १९७५ साली दोघांनी मिळून एक अहवाल लिहिला होता. दर दहा-बारा वर्षांनी विजेची मागणी दुप्पट होणारच, असं धरून कंपन्या नव्या अणुवीज केंद्रांच्या जागा हेरत होत्या. हे दोघं म्हणत होते, की घरं, दिवे आणि यंत्रं जरा शहाणपणाने बांधली तर ही वाढ फार थोडी राहील आणि कुणाला अंधारात बसावं लागणार नाही. सेस्लरनी फोन ऐकून घेतला. रोझेनफेल्ड जागेवरच राहिले.

पात्रतेचा तो आक्षेप वरवर पाहिला तर खोटा नव्हता. रोझेनफेल्ड हे एन्रिको फर्मींचे शेवटचे संशोधक विद्यार्थी. बर्कलीला लुई अल्व्हारेझ यांच्या गटात त्यांनी जवळपास वीस वर्षं काढली. हायड्रोजनच्या बुडबुडा-कक्षात उमटणाऱ्या कणांच्या लाखो रेषा तपासायच्या आणि त्यातून नवे कण हुडकायचे, हे त्यांचं काम. अल्व्हारेझना १९६८ साली नोबेल मिळालं ते याच कामासाठी. वीजकेंद्र कसं चालवतात, दर कसे ठरतात, याच्याशी या माणसाचा संबंध आलेला नव्हता.

तो आला १९७३ च्या नोव्हेंबरात. अरब देशांनी तेल रोखलं होतं आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. एका शुक्रवारी संध्याकाळी उशिरापर्यंत काम करून रोझेनफेल्ड घरी निघाले. उद्या आपल्यालाही त्या रांगेत थांबायचंय, हे डोक्यात होतंच. मजल्यावरच्या वीसेक खोल्यांचे दिवे नेहमीसारखे जळत होते आणि सोमवारपर्यंत तसेच जळणार होते. त्यांनी हिशेब मांडला. एका खोलीचे दिवे शनिवार-रविवार चालू राहिले, तर वीजकेंद्रात त्यासाठी जेवढं इंधन जळतं ते पाच गॅलन पेट्रोलच्या, म्हणजे एकोणीस लिटरच्या बरोबरीचं भरत होतं. वीस खोल्यांचे शंभर गॅलन. ते एकेका खोलीत शिरून दिवे मालवू लागले. पण बटणं सापडेनात. कुठे फायलींच्या कपाटामागे, कुठे पुस्तकांच्या मांडणीमागे, कुठे भिंतीवरच्या चित्राखाली. कित्येक वर्षं त्यांना कुणाचा हातच लागला नव्हता. बटणं शोधण्यात वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांतच रोझेनफेल्डच्या मनाने घेतलं, की या उधळपट्टीवर काहीतरी करायला हवं. लवकरच कणांचं काम त्यांनी इतरांवर सोडलं. त्या संध्याकाळी ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. मला या गोष्टीतलं सगळ्यात धाडसी पाऊल हेच वाटतं. नोबेलच्या तोलाचं काम सोडून दिवे आणि खिडक्यांचा अभ्यास करायला निघालेल्या माणसाकडे सहकाऱ्यांनी कसं पाहिलं असेल!

इकडे सॅक्रामेंटोत, राज्याच्या राजधानीत, एक वेगळंच काम शिजत होतं. चार्ल्स वॉरन आणि आल्फ्रेड आल्क्विस्ट या दोन आमदारांनी ऊर्जा आयोगाचा कायदा आणला होता. गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी तो आधी परत पाठवला. तेलसंकटाने हात पोळल्यावर १९७४ साली त्यांनीच त्यावर सही केली. आयोगावर पाच सदस्य. त्यांनी कोणत्या विद्येचं असावं, हे कायद्याने खुर्चीनिशी ठरवून दिलं: एक अभियंता किंवा पदार्थविज्ञानाचा जाणकार, एक वकील, एक अर्थतज्ज्ञ, एक पर्यावरणाचा अभ्यासक आणि एक सर्वसामान्य नागरिकांच्या वतीने. तोवर विजेची गरज किती, हे वीज विकणारेच सांगत आणि सरकार मान डोलावत असे. आता तो आकडा या पाच जणांपुढे ठेवून पटवून द्यावा लागणार होता. नवं केंद्र हवं असेल तर परवानगी त्यांचीच. शिवाय यंत्रांनी वीज किती खावी याची मर्यादा घालण्याचा अधिकारही कायद्याने त्यांना दिला होता. तो वापरायचा कसा आणि कुठल्या यंत्रावर, हे मात्र अजून कुणाला उमगलं नव्हतं.

रोझेनफेल्ड आणि गोल्डस्टीन यांना ते फ्रीजमध्ये सापडलं.

फ्रीजकडे वळण्याचं कारण साधं होतं. अमेरिकन घरात सगळ्यात जास्त वीज खाणाऱ्या वस्तूंमध्ये तो होता आणि रात्रंदिवस चालू असे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतला सर्वसाधारण फ्रीज वर्षाला चारेकशे युनिट घेई. १९७४ पर्यंत तो आकडा अठराशेवर गेला. फ्रीज मोठे झाले हे खरं, पण तेवढ्याने हे घडलेलं नव्हतं. बाहेरचा आकार तोच ठेवून आत जागा वाढवायची म्हणून उत्पादकांनी भिंतींतलं उष्णतारोधक अस्तर पातळ केलं. स्वस्तातल्या मोटरी बसवल्या. अस्तर पातळ झाल्यावर दाराच्या कडेला बाहेरून दव धरू लागलं, तर ते सुकवायला तिथे तापणाऱ्या तारा घातल्या. म्हणजे गार करणारं यंत्र स्वतःलाच तापवत होतं आणि ती ऊब बाहेर काढायला पुन्हा वीज जाळत होतं.

कमी वीज खाणारा फ्रीज महाग असणार, हे सगळे गृहीत धरून होते. अर्थशास्त्र तेच सांगतं, दुकानदारही तेच सांगतो. गोल्डस्टीननी बाजारातल्या फ्रीजचे आकडे गोळा केले. एका अक्षावर किंमत घेतली, दुसऱ्यावर विजेचा खप. प्रत्येक फ्रीजसाठी एक टिंब. हे ठिपके तिरप्या रेषेभोवती जमतील अशी अपेक्षा होती. ते कागदभर विखुरले. मग दोघांनी आकार सारखे घेतले, बर्फ आपोआप वितळवणारे वेगळे काढले, सुचेल तो प्रत्येक फरक बाजूला करून पाहिला. तरी रेषा दिसेना. तेवढ्याच किमतीचे, तेवढ्याच आकाराचे, तेवढ्याच सोयींचे दोन फ्रीज, आणि एक दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त वीज खाणारा. किंमत आणि काटकसर यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता.

बुडबुडा-कक्षाच्या छायाचित्रांवर आयुष्य काढलेल्या माणसाची नजर इथे कामी आली. रेषा आहे असं सगळे म्हणतात आणि ठिपक्यांत ती दिसत नाही, तेव्हा ठिपक्यांवर विश्वास ठेवायचा, ही त्या कामाची शिस्त होती. वीज कंपनीच्या अभियंत्याला हा आलेख काढायचं सुचलं नसतं, कारण त्याचं काम मीटरपाशी संपतं. फ्रीज बनवणाऱ्याला त्याची गरज नव्हती, कारण विजेचं बिल त्याला भरायचं नव्हतं. भाड्याच्या घरात तर फ्रीज घरमालक आणून बसवी आणि बिल भाडेकरू भरी. विजेचा खप सांगणारी चिठ्ठी फ्रीजवर सक्तीने लागायला १९८० उजाडावं लागलं.

याच सुमारास सॅन डिएगोच्या वीज कंपनीला वाळवंटात सनडेझर्ट नावाचं अणुवीज केंद्र उभारायचं होतं. रेगन यांच्यानंतर आलेले तरुण गव्हर्नर जेरी ब्राउन यांना ते नको होतं. पण नको म्हणायचं तर त्याऐवजी काय, याचं उत्तर हवं. बर्कलीच्या फॅकल्टी क्लबात एका छोट्या मेजवानीत रोझेनफेल्डनी त्यांच्यापुढे हिशेब मांडला. राज्यात उधळे फ्रीज विकायलाच बंदी केली, तर सनडेझर्टमधून मिळणार होती तेवढी वीज अशीच वाचेल. ब्राउनना ते खरं वाटेना. त्यांनी ऊर्जा आयोगाचे सदस्य जीन वारानिनी यांना फोन लावून विचारलं. वारानिनींनी दुजोरा दिला. १९७६ साली आयोगाने फ्रीजसाठी विजेची कमाल मर्यादा मंजूर केली, ती १९७७ पासून लागू झाली. १९७८ साली सनडेझर्टचा प्रकल्प गुंडाळला गेला.

शास्त्रज्ञाचा आलेख तिथेच थांबला असता, तर तो एका राज्यापुरता राहिला असता. पुढची लढाई न्यायालयात झाली. गोल्डस्टीन पीएच.डी. संपवून पर्यावरणाचे खटले लढवणाऱ्या नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिलमध्ये, म्हणजे वकिलांच्या संस्थेत दाखल झाले. रेगन आता राष्ट्राध्यक्ष होते आणि त्यांच्या ऊर्जा खात्याने निर्णय दिला, की घरगुती यंत्रांना देशपातळीवर कसलीही मर्यादा नको. संस्थेने दावा लावला. १९८५ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने खात्याचा निर्णय रद्द केला. त्याच सुमारास वेगवेगळी राज्यं आपापल्या मर्यादा घालू लागली आणि उत्पादकांची कोंडी झाली. पन्नास राज्यांसाठी पन्नास प्रकारचे फ्रीज कोण बनवणार? मग उत्पादक आणि पर्यावरणवाले एका टेबलाशी बसले, आणि जो मसुदा ठरला त्यावर १९८७ साली रेगन यांनीच सही केली. २००१ ची मर्यादा लागू झाली तेव्हा नवा अमेरिकन फ्रीज वर्षाला पाचशे युनिटांपेक्षा कमी वीज घेत होता. १९७४ च्या फ्रीजपेक्षा तो मोठाही होता, आणि महागाई वजा केली तर स्वस्तही.

कॅलिफोर्नियात माणशी विजेचा खप सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून वर्षाला सात हजार युनिटांच्या आसपास थबकला, तर उरलेल्या देशात तो वाढतच राहिला. यातला काही वाटा किनाऱ्यावरच्या सौम्य हवेचा आणि महाग विजेचा आहे, हे मान्य करायला हवं. पण फ्रीजचे आकडे कुठल्याही हवेने बदललेले नाहीत.

२००० साली रोझेनफेल्ड स्वतः त्या पाच खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर बसले. एका डेमोक्रॅट गव्हर्नरने नेमलं, पुढे रिपब्लिकन गव्हर्नरने पुन्हा नेमलं. २०१० साली निवृत्त झाले तेव्हा शास्त्रज्ञांनी त्यांच्या नावाचं एकक सुचवलं. एक रोझेनफेल्ड म्हणजे वर्षाला तीन अब्ज युनिटांची बचत. मध्यम आकाराचं एक कोळसा केंद्र वर्षभरात देतं तेवढी वीज. २०१७ साली, नव्वदीत, ते गेले.

त्यांच्या विद्यार्थ्यांत एक मुंबईचा होता. अशोक गाडगीळ पदार्थविज्ञानात पीएच.डी. करायला बर्कलीला गेले आणि रोझेनफेल्डच्या हाताखाली घरांच्या उष्णतेचा अभ्यास करू लागले. पुढे त्यांनी मुंबईसाठी एक योजना आखली. कमी वीज खाणारे दिवे वीज कंपनीनेच घरोघर द्यायचे आणि त्यांची किंमत बिलातून हप्त्याने वसूल करायची. मुंबईत ती पार पडली नाही. मेक्सिकोने तिच्यावरून धडा घेऊन लाखो दिवे बसवले.

भारतातल्या फ्रीजवर विजेची काटकसर सांगणारे तारे आले ते २००६ साली. निर्णय घेणाऱ्या खुर्च्यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. राज्यांच्या वीज नियामक आयोगांवर कोण बसावं, हे २००३ च्या वीज कायद्याच्या ८४ व्या कलमात लिहिलंय: अभियांत्रिकी, वित्त, वाणिज्य, अर्थशास्त्र, कायदा किंवा व्यवस्थापन यांतले जाणकार. खुर्च्या नेमून दिलेल्या नाहीत. आयोगावर निदान एक तरी कायद्याचा माणूस हवाच, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१८ साली गुजरातच्या प्रकरणात सांगावं लागलं. पर्यावरणाचा जाणकार तर त्या यादीतही नाही. कोळशाची राख आणि आटलेल्या नद्या ज्या निर्णयांतून येतात, ते घेणाऱ्या मंडळात त्याला हक्काची खुर्ची मिळावी, एवढी दुरुस्ती संसदेने करायला हवी. कॅलिफोर्नियाने ती खुर्ची १९७४ सालीच दिली होती.