डिझाइन थिंकिंग : कोर्स ऑनलाइन, अभ्यास माणसांत
डिझाइन थिंकिंगचा, म्हणजे वापरणाऱ्या माणसांना भेटून उत्तर शोधण्याच्या पद्धतीचा, ऑनलाइन कोर्स कामाला येतो, पण त्यातला गृहपाठ आपल्या कामाच्या जागी केला तरच. उदाहरण पाहा. जीई हेल्थकेअरचे डग डीट्झ एमआरआय यंत्रे घडवत. मुले या यंत्रांना इतकी घाबरत की तपासणीसाठी अनेकांना भूल द्यावी लागे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलमध्ये डिझाइन थिंकिंग शिकून डीट्झ मुलांना, पालकांना भेटले. पिट्सबर्गच्या बाल रुग्णालयात स्कॅनचे यंत्र तसेच ठेवून खोलीचे चाच्यांचे जहाज केले आणि भुलीची गरज बरीच घटली. डीट्झ प्रत्यक्ष वर्गात शिकले, हा आक्षेप रास्तच. तरी उत्तर त्यांना मुलांकडून मिळाले, आणि तिथवर ऑनलाइन शिकणाराही पोहोचू शकतो. अशा भेटींसाठी वरिष्ठ वेळ देत नाहीत, ही अडचण जास्त खरी. तेव्हा कोर्सची फी भरण्याआधी ग्राहकांना भेटायला वरिष्ठांकडून आठवड्याचे दोन तास मागून घ्या.