ट्रॅक्टरची ‘लिफ्ट’ का रेंगाळते?

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली, की बागाईतदाराचे डोळे आभाळाकडे लागतात. कोवळ्या फुटीवर पाऊस पडला, तर केवडा रोग झपाट्याने पसरतो. फवारणी वेळेत उरकावी लागते. मांडवाखालच्या अरुंद वाटेत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. तिथे पंधरा-वीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टरच हवा. आणि नेमक्या अशा वेळी औषधाने भरलेली टाकी लिफ्टने उचलली नाही तर? “मिस्त्री, दाब वाढवून द्या,” असे म्हणून शेतकरी मोकळा होतो. हा उपाय बरोबर आहे का?

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. याच नियमावर १७९५ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने दाबयंत्र बनवले. पुढे आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने तेलाच्या दाबावर चालणारी, तीन दांड्यांची अवजार-जोडणी घडवली. १९३९ च्या फोर्ड ट्रॅक्टरवर ती आली आणि जगभर पसरली.

आता थोडे गणित करू. समजा, पंप दर मिनिटाला १५ लिटर, म्हणजे सेकंदाला २५० घनसेंटिमीटर तेल ढकलतो. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ ३० चौरस सेंटिमीटर आहे. दट्ट्यावरचे बल झाले ४,५०० किलो! पण दट्ट्या १२ सेंटिमीटर सरकतो तेव्हा तरफेमुळे अवजार ६० सेंटिमीटर उचलले जाते. अंतर पाचपट, म्हणून बल पाचव्या हिश्शाने: ९०० किलो. घर्षणामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच. यासाठी ३६० घनसेंटिमीटर तेल लागते, म्हणजे सुमारे दीड सेकंद.

यातून महत्त्वाची गोष्ट कळते. किती वजन उचलेल, हे दाबावर ठरते. किती वेगाने उचलेल, हे तेलाच्या प्रवाहावर. पंप इंजिनावर फिरतो. इंजिनाचे फेरे निम्मे केले, तर उचलायला तीन सेकंद लागतील. रिकामे अवजारही रेंगाळत असेल, तर प्रवाह कमी पडतो आहे: तेल कमी असेल, गाळणी तुंबली असेल किंवा नळीतून हवा शिरत असेल. हलके वजन झटकन उचलते, पण जड उचलत नाही, तेव्हा दाब कुठेतरी गळतो आहे: पंप झिजला असेल किंवा दट्ट्याचे सील गेले असेल. तेल तापून पातळ झाले, की ही गळती आणखी वाढते.

मग मोठा पंप बसवला तर? वरच्या पंपालाच पूर्ण दाबावर ५ अश्वशक्ती लागतात. दुप्पट पंपाला १० लागतील. पंधराच्या इंजिनाला उरले काय?

दाब वाढवणे तर त्याहून धोक्याचे. समजा, ८०० किलोच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर ३२० किलो भार आहे आणि दोन्ही आसांत दीड मीटर अंतर आहे. मागच्या आसापासून एक मीटरवर ४५० किलोची टाकी उचलली, तर पुढचा ३०० किलो भार हलका होतो. उरतात अवघे वीस! सुकाणू फिरवले तरी ट्रॅक्टर वळणार नाही. दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यावर उघडणारी झडप म्हणूनच असते. तिला हात लावू नये. तेल, गाळणी आणि नळ्यांचे जोड आधी पाहावेत.

आणखी एक इशारा. गळती बोटाने कधीही चाचपू नका. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आरपार आत शिरते. अवजार जमिनीवर टेकवून आणि इंजिन बंद करूनच दुरुस्तीला हात घालावा.

करून पाहा: सुई नसलेल्या दोन पिचकाऱ्या, एक लहान व एक मोठी, पाण्याने भरून प्लॅस्टिकच्या नळीने जोडा. लहान दट्ट्या दाबा. मोठा लगेच हलेल. आता नळीत हवेचा मोठा बुडबुडा ठेवून, मोठ्या दट्ट्यावर एक पुस्तक ठेवा आणि पुन्हा दाबा. तुमचा दट्ट्या आधी हवेलाच दाबत बसेल. लिफ्ट का रेंगाळते, हे तुमच्या अंगठ्यालाच कळेल!