छापील कागदावरील तुवा

सैबेरियाच्या दक्षिणेस, मंगोलियाला लागून तुवा नांवाचा डोंगराळ प्रदेश आहे. येनिसेई नदीचा उगम तेथलाच. मेंढ्या, घोडे व याक यांचे कळप घेऊन नमद्याच्या गोल तंबूंतून राहणारे तेथील लोक बौद्ध लामालाहि मानीत आणि डफ वाजवून अदृश्य शक्तींशीं बोलणाऱ्या शामनालाहि मानीत. 'खूमेई' हें त्यांचें कंठगायन. त्यांत एकाच गळ्यांतून एकाच वेळीं दोन स्वर निघतात. गेल्या शंभर वर्षांत छापील कागदानें या लोकांचें चित्र कसकसें रंगविलें, हा आजचा विषय.

१९२१ सालीं तेथें लोकसत्ताक राज्य स्थापन झालें. तें नांवाला स्वतंत्र, परंतु सोव्हिएट सत्तेच्या छायेंतलें. पंतप्रधान दोंदुक कुलार हा पूर्वाश्रमींचा लामा. बौद्ध धर्माला राज्याश्रय मिळावा ही त्याची खटपट. १९२९ मध्यें त्यास अटक झाली व १९३२ मध्यें देहदंड. मधल्या काळांत, १९३० सालीं, तुवी भाषेला लॅटिन अक्षरांवर आधारलेली स्वतःची लिपि मिळाली. तोंवर लिहिण्याचा व्यवहार मंगोल भाषेंत चाले. म्हणजे सामान्य गुराख्याच्या हातीं मातृभाषेचें छापील अक्षर आलें तें नव्या राजवटीच्या मतांसहच. अक्षर-ओळख आणि आजोबांच्या श्रद्धेचा धिक्कार हे दोन धडे एकाच पाटीवर गिरविले गेले. तुवी वृत्तपत्राचें नांव 'शिन', म्हणजे 'सत्य'!

सर्वच परंपरा मात्र निषिद्ध ठरली नाहीं. संस्कृति रूपानें राष्ट्रीय व आशयानें समाजवादी असावी, असें स्टालिनचें सूत्र होतें. त्यामुळें निवड झाली. विहार बंद पडले, शामनांचे डफ जप्त झाले. कुस्ती, घोड्यांच्या शर्यती व गायन यांना मात्र व्यासपीठ मिळालें. १९३० नंतरच्या दशकांत मॉस्कोंत छापलेल्या तुवी टपाल-तिकिटांवर शिकारी, घोडेस्वार व मल्ल दिसतात. १९४४ मध्यें तुवा सोव्हिएट संघांत विलीन झाला. तेथील नेता साल्चाक तोका याच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीस १९५१ सालीं स्टालिन पारितोषिक मिळालें. तींत क्रांतिपूर्व जीवन हें दारिद्र्याचें व अन्यायाचें. तें दारिद्र्य खोटें नव्हतें. परंतु तंबूंत दारिद्र्याखेरीज दुसरें कांहींच नव्हतें काय?

अभ्यासकांचीं नियतकालिकें अधिक सौम्य होतीं. विधि, वेष, अवजारें यांची त्यांनीं बारकाईनें नोंद केली. परंतु त्यांचा आवडता शब्द 'अवशेष' हा होता. जिवंत आचाराला अवशेष म्हटलें कीं, त्याचा मृत्युलेख आधींच लिहिला जातो. तरीहि नोंदींचा उपयोग निराळाच झाला. सोव्हिएट काळांत शामनांचीं गीतें गोळा करणारे लेखक मोंगुश केनिन-लोप्सान यांनींच १९९० नंतर शामनांची 'दुंगुर' ही संस्था उभारली. दुंगुर म्हणजे शामनाचा डफ!

१९९२ सालीं दलाई लामांनीं तुवाला भेट दिली. जें लपविलें जाई तें वारसा म्हणून मिरवूं लागलें. परदेशी मासिकांना आतां शामन व कंठगायक यांची गूढ, आदिम छबी हवी असते. त्याच गायकाचें चाळवजा घर, मुलांची शाळा, पगाराची ओढाताण त्या छबींत येत नाहीं. पूर्वीं त्याला मागासलेला ठरविलें, आतां अद्भुत ठरवितात. दोन्ही वेळां मत दुसऱ्याचें.

म्हणून असा लेख वाचतांना वाचकानें तीन प्रश्न विचारावे : छापणारा कोण, चालू रीतीला भूतकाळांत कां ढकललें आहे, आणि चित्रांतल्या माणसाला स्वतः बोलूं दिलें आहे काय?